शुद्धिपत्र

एका वाक्यावर मी तीन दिवस अडकून बसले होते. जुन्या पत्रांचा अनुवाद चालू होता, त्यात एक म्हातारा माणूस आपल्या धाकट्या भावाला लिहितो की जे झालं ते झालं, आता उरलेल्या आयुष्यात मला ते एक्स्पिएट करायचंय. बस, एवढंच. बाकी सगळं वाक्य मराठीत सरळ उतरलं आणि हे एक इंग्रजी क्रियापद मधे दगडासारखं पडून राहिलं.

प्रायश्चित्त घ्यायचंय, असं लिहिलं आणि खोडलं. प्रायश्चित्त आपण 'घेतो', म्हणजे ते कोणीतरी ठरवून देतं आणि आपण ते पुरं करतो, पण या म्हाताऱ्याला कोणी काही ठरवून दिलेलं नव्हतं. क्षालन लिहिलं, तर त्यात नुसतं पाणी ओतल्यासारखं वाटायला लागलं, डाग गेला की काम संपलं. परिमार्जन जरा सभ्य शब्द आहे, सरकारी पत्रातही चालेल, पण त्याच्या पोटातही फडकंच आहे, मृज् म्हणजे पुसणं. भरपाई म्हटलं तर एकदम इन्शुरन्सचा फॉर्म भरतोय असं वाटतं. चारही शब्द बरोबर होते, कोशात बघितलं तर चारही सापडतील, आणि चारही त्या माणसाच्या तोंडी बसत नव्हते.

शब्द हाताला लागला नाही की मी त्याच्या आजोळी जाते. म्हणजे मूळ शोधते, ते कोणाच्या घरचं, लहानपणी त्याला काय म्हणायचे वगैरे. आणि या वेळी त्या आजोळी मला जे दिसलं त्यामुळे अनुवाद बाजूलाच राहिला आणि चौदा वर्षांपूर्वीची एक गोष्ट उघडून समोर बसली, जी मी कधीही कोणाला सांगितलेली नाही. ती सांगतेच, पण आधी शब्दाचं सांगते कारण शब्दाशिवाय ती गोष्ट मला स्वतःलाच नीट कळली नव्हती.

एक्स्पिएट आला लॅटिनमधल्या 'एक्स्पियारे' या क्रियापदावरून. त्याचे दोन तुकडे. पहिला 'एक्स', त्याचा साधा अर्थ बाहेर, पण क्रियापदाला चिकटला की बरेचदा तो 'पार शेवटपर्यंत, पुरतं' असा जोर देतो, आपण 'लिहिलं' आणि 'लिहून टाकलं' यात जो फरक करतो साधारण तसा. शेक्सपिअरच्या २२व्या सुनीतात हे क्रियापद येतं ते चक्क संपवणं या अर्थाने येतं, मरणाने माझे दिवस एक्स्पिएट करावेत असं तो म्हणतो, तिथे पाप नाही काही नाही, नुसतं शेवटाला नेणं. आणि दुसरा तुकडा 'पियारे', म्हणजे दुखावलेल्या देवाला शांत करणं, बिघडलेलं जागेवर आणणं. आणि हे पियारे बनलं 'पियुस' या विशेषणावरून.

इथे मी थांबले. कारण पियुस मला माहीत होता, वेगळ्या ओळखीने. इंग्रजीतला पायस म्हणजे धार्मिक, पायटी म्हणजे धर्मनिष्ठा आणि गंमत म्हणजे पिटी, म्हणजे कीव, हे तिन्ही त्याच घरातले. त्यामुळे पियुस म्हणजे देवभोळा, हात जोडून डोळे मिटलेला माणूस असं माझ्या डोक्यात होतं. पण रोमन माणसाला तो शब्द ऐकून डोळे मिटलेला माणूस दिसत नसे, त्याला दिसायचा तो इनीअस. व्हर्जिलच्या महाकाव्यात इनीअसला पुन्हा पुन्हा पियुस म्हटलंय. ट्रॉय शहर जळतंय आणि हा माणूस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन, बापाच्या हातात घरच्या देवांच्या मूर्ती देऊन आणि लहान पोराचं बोट धरून बाहेर पडतो. पियुस म्हणजे तो. ज्याचं आपल्यावर देणं आहे ते ओळखून वागणारा, मग ते देवाचं असो, बापाचं असो, गावाचं असो. त्या गुणाचं नाव 'पिएतास'. रोममध्ये त्या पिएतासचं देऊळही होतं. मॅनिअस ॲसिलिअस ग्लाब्रिओ या सेनापतीने इ.स.पू. १९१ मध्ये थर्मोपिलीच्या लढाईच्या दिवशी ते नवसात बोललं होतं आणि इ.स.पू. १८१ मध्ये त्याच्या मुलाने ते अर्पण केलं. बाप बोलून गेला आणि मुलाने पुरं केलं, त्या देवळाला याहून योग्य जन्म दुसरा कुठला मिळाला असता.

काही अभ्यासक पियुसचं नातं 'पुरुस' म्हणजे शुद्ध या शब्दाशीही जोडतात. असेल. पण रोमन लोकांनी तो शब्द वापरला तो नात्यासाठी. आणि मग एक्स्पियारेकडे परत बघितलं तर तो वेगळाच दिसायला लागतो. आतून स्वच्छ होणं हा त्याचा मुद्दाच राहत नाही. मी कोणाचं तरी देणं लागत होते, ते मी मोडलं, आणि आता ते पार शेवटपर्यंत नेऊन जागेवर ठेवायचंय, असा काहीतरी त्याचा आवाज येतो. यात मला किती वाईट वाटलं, मी किती रात्री जागून काढल्या, याला जागाच नाहीये. हे वाचताना मला पहिल्यांदा जरा अस्वस्थ झालं.

आणखी खोल गेलं की 'पियाकुलुम' भेटतो. हा या घरातला सगळ्यात विलक्षण शब्द. पियाकुलुम म्हणजे चूक निस्तरायला केलेला विधी, बळी. आणि पियाकुलुम म्हणजेच ती चूकसुद्धा, जिच्यासाठी तो विधी करावा लागतो. जखमेला आणि मलमाला एकच शब्द. मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते.

आणि हे विधी कशाकशासाठी होते ते बघा. केटो नावाच्या रोमन माणसाच्या शेतीवरच्या पुस्तकात लिहिलंय की झाडांची पवित्र राई विरळ करायची असेल तर आधी डुक्कर अर्पण करायचं आणि प्रार्थना म्हणायची ती अशी की तू देव असशील किंवा देवी असशील, ज्याची कोणाची ही राई आहे. म्हणजे देणं कोणाचं हे माहीतच नाही, तरी देणं आहे हे नक्की. त्याच पुस्तकात शेताच्या शुद्धीचा विधी आहे, डुक्कर, मेंढा आणि बैल अशा तिघांच्या पिल्लांचा, आणि त्यात सोय करून ठेवलीय की मंगळदेवा, या विधीने तुझं समाधान झालं नसेल तर हा दुसरा घे. झालं नसेल तर. मला हे फार माणसासारखं वाटतं, आपण केलेलं पुरलं का नाही हे करणाऱ्याने ठरवायचं नाही हे त्यात धरूनच चाललंय. इटलीतल्या गुब्बिओ गावात ७ ब्राँझचे पत्रे जपलेत, भाषा लॅटिनची चुलत बहीण उम्ब्रियन, आणि त्यातही हा पियाकुलुम 'पिहाक्लु' म्हणून सापडतो, आणि तिथे तर विधीत मधे काही खंड पडला तर पहिल्या वेशीपाशी परत जाऊन सगळं नव्याने सुरू करायला सांगितलंय.

पण माझ्या मनात घर करून बसली ती आर्वल बंधूंची राई. रोमच्या बाहेर देआ दिआ नावाच्या देवीची एक राई होती आणि बारा पुरोहितांचं एक मंडळ तिची सेवा करायचं. त्या राईत लोखंड न्यायची बंदी. आता दरवर्षी काय काय विधी झाले ते हे लोक तिथेच संगमरवरात कोरून ठेवायचे, आणि संगमरवर कोरायला छिन्नी लागते, छिन्नी लोखंडाची. मग काय, लोखंड आत आणताना एक पियाकुलुम, डुकरीण आणि कोकरू, आणि कोरून झाल्यावर लोखंड बाहेर नेताना पुन्हा एक पियाकुलुम. आणि हे सगळं त्याच दगडावर कोरलेलं, त्याच छिन्नीने. इ.स. १८३ मध्ये देवळाच्या छपरावर अंजिराचं झाड उगवलं तर ते काढायलाही विधी केले, तेही कोरलेले आहेत. छपरात बी पडलं यात कोणाची काय चूक? कोणाचीच नाही. पण झाड काढताना देवळाला हात लावावा लागणार, ते न सांगता करायचं नाही.

मला यातलं काय भिडलं तर नोंद. चूक झाली, ती अमुक कारणाने झाली, अमुक केलं, हे दगडावर. आज आपण त्या लोकांबद्दल जे जाणतो ते बऱ्याच अंशी त्यांनी आपल्या लोखंडाची कबुली कोरून ठेवली म्हणून. लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून काही वाटलं नाही तरच नवल, कारण आमचीही हत्यारं शेवटी दुसऱ्याच्या राईत जाऊन चालवायचीच असतात.

आता ते वाक्य, ज्याच्यामुळे हा लेख. व्हारो नावाच्या विद्वानाने इ.स.पू. पहिल्या शतकात लॅटिन भाषेवर लिहिलं, त्यात एक कायद्याचा मुद्दा आलाय. रोमच्या कॅलेंडरमध्ये काही दिवस असे होते की त्या दिवशी न्यायाधीशाने, ते त्याला प्रेटर म्हणायचे, निवाड्याचे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. समजा विसरून काढले, तर? तर बळी देऊन ते निस्तरता येतं. आणि समजून उमजून काढले तर? त्यावर क्विंटुस मूकिउस स्काएव्होला या मोठ्या कायदेपंडिताचं मत व्हारोने दिलंय: त्याचं एक्स्पिएट होऊ शकत नाही, तो 'इम्पियुस'. म्हणजे पियुसच्या बाहेर गेलेला. रोमन वक्ता सिसरो, त्यानेही आपल्या कायद्यांवरच्या लिखाणात हेच वाटून ठेवलंय, जे निस्तरता येत नाही ते इम्पियुसपणे केलेलं मानावं, जे निस्तरता येतं ते पुरोहितांनी निस्तरावं.

म्हणजे सगळा खेळ एका शब्दावर. चुकून की जाणून.

चौदा वर्षांपूर्वी माझा पहिला अनुवाद प्रसिद्ध झाला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माझं मराठी मला फार चांगलं वाटायचं. हस्तलिखित झाल्यावर मी ते एका ज्येष्ठ अनुवादक बाईंना वाचायला दिलं, आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. त्यांनी नुसतं वाचलं नाही. तीनशे पानं, आणि प्रत्येक पानावर लाल पेन. कुठे शब्दाभोवती गोल करून पुढे प्रश्नचिन्ह, कुठे अख्खा परिच्छेद उलटा फिरवलेला, समासात बारीक अक्षरात 'कोशातला नको, घरातला आण'. हे वाक्य तर इतक्या वेळा होतं की शेवटी शेवटी त्यांनी नुसतं 'घरातला' एवढंच लिहिलं होतं. सातवं प्रकरण मला जमलंच नव्हतं, ते त्यांनी स्वतः नव्याने लिहून दिलं, अठरा फुलस्केप पानं, आणि देताना म्हणाल्या, "हे तुझ्या आवाजात लिहायचा प्रयत्न केलाय गं, बघ पटतंय का." पुस्तक आल्यावर ज्या दोन-तीन लोकांनी लिहून कौतुक केलं त्यांनी सातव्या प्रकरणातलीच वाक्यं काढून दाखवली होती.

छपाईला जाण्याआधी प्रकाशकांकडून फोन आला, ऋणनिर्देशात कोणाकोणाची नावं घ्यायची? मी आईबाबांचं नाव सांगितलं, प्रकाशकांचं सांगितलं, अक्षरजुळणी करणाऱ्यांचं सांगितलं. पलीकडून विचारलं, आणखी कोणी? आणि मी म्हटलं नाही, एवढेच. त्या 'नाही'च्या आधी साधारण दोन सेकंद होते. त्या दोन सेकंदांत ताईंचं नाव माझ्या जिभेवर होतं आणि मी हेही बघितलं की ते नाव छापलं तर लोक म्हणणार, हां, म्हणजे हे त्यांनीच करून दिलं असणार. मी बघितलं आणि मग नाही म्हटलं. हे मी चौदा वर्षं स्वतःला 'घाईत राहून गेलं' असं सांगत आलेय. राहून नव्हतं गेलं.

ऋणनिर्देश हा शब्द आपण किती सहज वापरतो, पुस्तकातलं एक पान, कोणी वाचतही नाही. पण तो अक्षरशः पिएतास आहे ना, देणं बोट ठेवून दाखवणं. तेवढंच करायचं होतं.

ताईंना मी पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी पहिली चार पानं उलटली, ते पान त्यांच्या नजरेखालून गेलेलं मी पाहिलं, मग त्या म्हणाल्या, "छपाई छान झालीय." आणि पुन्हा कधीही, कशातही, तो विषय त्यांनी काढला नाही. माझी नंतरची दोन हस्तलिखितंही वाचून दिली, पण त्यावर लाल पेन फार कमी होतं. मी तेव्हा ते माझं मराठी सुधारल्याचं लक्षण मानलं.

मी काही केलं नाही असं नाही. पुढच्या प्रत्येक पुस्तकात मी लांबलचक ऋणनिर्देश लिहिले, त्यात ताईंचं नाव 'लोभाबद्दल' घेतलं. नवीन मुलामुलींची हस्तलिखितं फुकट तपासली, तीही लाल पेनाने. ते पहिलं पुस्तक मी कपाटात मागे उलटं ठेवलं. कोणी त्याचं कौतुक केलं की मी विषय बदलायचे आणि रात्री झोप यायची नाही, आणि हे सगळं मी मनातल्या मनात प्रायश्चित्ताच्या खात्यात जमा करत होते. खरंच करत होते. मला वाटायचं एवढी वर्षं आतून टोचतंय म्हणजे बरंचसं फिटलं असेल.

आणि मग रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेली लोक्रीची हकिकत वाचली. इ.स.पू. २०५ मध्ये दक्षिण इटलीतलं लोक्री शहर रोमनांनी परत घेतलं आणि तिथे सिपिओ या सेनापतीने नेमलेला अधिकारी होता क्विंटुस प्लेमिनिउस. त्याने लोकांवर अत्याचार तर केलेच, पण तिथल्या प्रोसेर्पिना देवीच्या देवळाचा खजिनाही लुटला, ज्याला म्हणे पिऱ्हुस राजाने हात लावला होता तर त्याची जहाजं फुटली आणि त्याने घाबरून सगळं परत आणून ठेवलं होतं. लोक्रीचे लोक रोमला येऊन सिनेटसमोर उभे राहिले. सिनेटने काय ठरवलं? जितका पैसा नेला त्याच्या दुप्पट देवीच्या खजिन्यात परत ठेवायचा, आणि पियाकुलुमही करायचा. दोन्ही. पैसा गेला होता त्याच देवळात, त्याच देवीला. दुसऱ्या कुठल्या देवळाला देणगी दिली असती तर ते चाललं नसतं, हे कोणाला समजावून सांगायची गरजही पडलेली दिसत नाही.

मी दुसऱ्या देवळांना देणग्या देत बसले होते, चौदा वर्षं.

आणखी एक गोष्ट लिव्हीचीच, जरा जास्त अंगावर येणारी. रोमच्या सुरुवातीच्या राजांच्या काळातली, तुलुस होस्तिलिउस राजा होता तेव्हाची. होरातिउस नावाचा तरुण आल्बा गावच्या तिघा भावांना लढाईत मारून विजयी होऊन परत येतोय, आणि त्याची बहीण वेशीवर रडतेय कारण त्या तिघांतला एक तिचा ठरलेला नवरा होता. हा चिडून तिला तिथेच मारतो. खटला चालतो, बाप लोकांसमोर उभा राहून विनवतो की माझी बाकीची मुलं गेली, हा एक तरी ठेवा, आणि लोक त्याला सोडतात. लिव्ही स्वच्छ लिहितो की बाजू न्यायाची होती म्हणून नाही, त्याच्या पराक्रमाच्या कौतुकापोटी सोडलं. पण सोडलं तरी ते तसंच राहू द्यायचं नव्हतं. बापाला सांगितलं की सरकारी खर्चाने मुलासाठी पियाकुलुम कर. बापाने विधी केले, जे पुढे त्या घराण्याने पिढ्यानपिढ्या चालवले, आणि रस्त्यावर आडवी तुळई टाकून पोराला डोकं झाकून तिच्याखालून चालवलं. ती तुळई, 'बहिणीची तुळई' म्हणायचे तिला, लिव्हीच्या काळातही तिथे होती, सरकारी खर्चाने डागडुजी करून टिकवलेली. म्हणजे शेकडो वर्षं रोज येणाजाणाऱ्याला दिसत होती. चूक रस्त्यावर झाली होती, तिचं निस्तरणंही रस्त्यावर.

पुढे हा शब्द चर्चच्या हाती गेला आणि त्याचा रंग बदलला. जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये ज्यूंच्या योम किप्पुरला एक्स्पियातिओचा दिवस म्हटलंय. हळूहळू त्यात पाप आलं, दुःख सोसणं आलं, आतला माणूस आला. इटालियनमध्ये आज 'एस्पियारे' शिक्षेबरोबर येतो, तुरुंगातला माणूस शिक्षा एस्पियारे करतो म्हणजे भोगून संपवतो. पॅरिसमध्ये राजा १६वा लुई आणि मारी आंत्वानेत यांना जिथे पुरलं होतं तिथे १८व्या लुईने एक्स्पियेशनचं चॅपल बांधून घेतलं, आणि बार्सिलोनाचं ते प्रसिद्ध सग्रादा फमिलिया, १८८२ पासून बांधतायत ते, त्याच्या पूर्ण नावातही एक्स्पियेशन आहे. यातलं सगळं मला पटतं असं नाही. सोसलं म्हणजे फिटलं, ही कल्पना मला आता जरा धोक्याची वाटते, कारण मीच त्यात चौदा वर्षं आरामात राहिले. त्यापेक्षा इंग्रजीतला दुसरा शब्द बरा, ॲटोनमेंट, जो १६व्या शतकात विल्यम टिंडेलने बायबलच्या भाषांतरात वापरला. तो लॅटिन नाहीच, 'ॲट वन' म्हणजे एक होणं, परत जुळणं, यावरून आलेला. त्यात निदान दोन माणसं आहेत.

मग संस्कृतकडे वळले, म्हटलं एक्स्पियारेसारखा 'पार पुरतं करणं' असा शब्द आपल्याकडे असेल. आहे. निष्कृती. आणि तो शब्द मनात आल्याबरोबर त्याच्यामागून रामायणाच्या किष्किंधाकांडातला तो चरण आला, लक्ष्मण सुग्रीवाला सुनावतो तो. बाकी मोठमोठ्या पापांना सज्जनांनी निष्कृती सांगितली आहे, पण 'कृतघ्ने नास्ति निष्कृतिः'. कृतघ्नाला निष्कृती नाही. केलेलं विसरणाऱ्याला. मी लॅपटॉप बंद केला. स्काएव्होलाने जाणून करणाऱ्याला दार बंद केलं होतं आणि लक्ष्मणाने ऋण न मानणाऱ्याला, आणि मी दोन्ही दारांसमोर उभी होते.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना फोन केला. नवीन आवृत्ती निघणार नाही म्हणाले, पण जुन्या साठाएक प्रती गोडाउनमध्ये पडून आहेत. मी विचारलं, त्यात एक शुद्धिपत्र चिकटवता येईल का, खर्च मी करते. ते म्हणाले, चौदा वर्षांनी? कसली चूक सापडली? मी म्हटलं, सांगते.

शुद्धिपत्र. किती वर्षं बघतेय हा शब्द, पृष्ठ अमुक, ओळ तमुक, अशुद्ध अमुक, शुद्ध तमुक. छापलेलं खोडता येत नाही म्हणून जोडलेला एक कागद, चूकही त्यावर आणि दुरुस्तीही त्यावर, शेजारी शेजारी. पियाकुलुमला मराठीत याहून जवळचं काही मला तरी माहीत नाही.

आणि त्या रात्री, इतक्या दिवसांनी, म्हाताऱ्याचं वाक्यही सुटलं. फेडणं. इतका साधा शब्द. कर्ज फेडतात, नवस फेडतात, उपकार फेडतात, आईबापांचे पांग फेडतात, आणि पाप, तेही फेडतातच, 'कुठे फेडशील हे पाप' असं आपण रागाने म्हणतो तेव्हा आपण पाप आणि ऋण यांच्यात फरकच करत नसतो. गाठसुद्धा फेडतात. 'आता उरलेल्या आयुष्यात मला ते फेडून टाकायचंय.' त्यातला 'टाकायचंय' म्हणजे तो 'एक्स'. लिहिलं आणि वाचून बघितलं, म्हातारा बोलला. घरातलाच शब्द होता.

मग शुद्धिपत्र लिहायला घेतलं. वेळ लागला. शेवटी असं झालं: 'या अनुवादाच्या ऋणनिर्देशात एक नाव अनवधानाने राहून गेले. संपूर्ण हस्तलिखित त्यांनी तपासलं आणि सातवे प्रकरण त्यांनी स्वतः लिहून दिले,' आणि खाली ताईंचं पूर्ण नाव. छापायला देण्याआधी त्यांना दाखवायला हवं होतं, ते टाळण्यासारखं नव्हतं. फोन करायचं धैर्य झालं नाही म्हणून प्रिंट काढून पोस्टाने पाठवलं, सोबत दोन ओळींचं पत्र. पत्रात काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, जरा हललेला, कोपऱ्यात त्यांचा अंगठा दिसत होता. माझाच कागद. वर लाल पेन.

दोनच खुणा होत्या. 'तपासलं'चं 'तपासले' केलं होतं, छापील मजकुरात एकाच वाक्यात दोन रूपं नकोत म्हणून. आणि 'अनवधानाने'भोवती गोल, पुढे प्रश्नचिन्ह, समासात बारीक अक्षरात एकच शब्द: 'घरातला'.

मी तो शब्द काढला. त्या जागी 'मी जाणूनबुजून वगळले' असं लिहिलं, मग सगळं वाक्यच बदलावं लागलं, राहून गेलेलं नाव वगळलेलं नाव झालं. नवीन प्रिंट काढली नाही, टाइप करूनच पाठवलं आणि फोन उलटा ठेवून दिला. थोड्या वेळाने वाजला.

"आता दे छापायला," असं लिहिलं होतं.